क्रमशः काका

सकाळी सव्वासातला फाटकाची कडी वाजली की मी समजतो. गल्लीत काहीतरी घडलंय आणि साडेआठच्या आत ते मला कळणार नाही.

"काय करायलात?" काका फाटकातूनच विचारतात.

"दाढी."

"करा, करा. सावकाश करा. हातात ब्लेड असताना ऐकण्यासारखं नाही ते."

झालं. एका गालावरचा फेस वाळायला लागतो. काका आत येतात, पेपर उचलतात, नेमकं छोट्या जाहिरातींचं पान उघडतात आणि जुन्या स्कूटरींच्या किमती वाचत बसतात. मी फेसासकट बाहेर येतो.

"काय झालं काका?"

"कुठं काय?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत काका म्हणतात. "बरं, मला एक सांगा. काल रात्री दीडच्या सुमाराला तुम्हाला आवाज आला?"

"नाही."

"नाही ना?" काकांच्या तोंडावर समाधान पसरतं. "नाहीच यायचा."

पुढचा पाऊण तास असाच जातो. कोपऱ्यावरून शेवटचं कधी गेलात, टपरीकडे नीट पाहिलंत का, पाहिलं असेल तर खाली पाहिलंत की वर, असे प्रश्न येतात. मध्ये एक चहा होतो. शेवटी बायकोने डबा माझ्या हातात कोंबल्यावर, चपला घालता घालता काका सांगतात की इस्त्रीवाल्याने टपरीवर नवा पत्रा घातला. दिवसा, चार वाजता, सगळ्यांच्या देखत.

"मग रात्रीचा आवाज?"

"रात्री कुठं काय होतं? म्हणून तर तुम्हाला आला नाही."

सिडकोतल्या आमच्या गल्लीत ह्या गृहस्थांना क्रमशः काका म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते काकांना माहीत आहे, पण ते सांगत नाहीत. जुन्या मासिकांत चालू कादंबरीचं प्रकरण ऐन मोक्यावर तोडून खाली हा शब्द छापत. नायिका दरीच्या कडेला, मागून कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर आणि खाली क्रमशः. महिनाभर ती बिचारी तशीच उभी. काका आम्हाला तसंच उभं करतात, फक्त दरी नसते. मागे हात ठेवणारा इस्त्रीवाला निघतो.

वय बाहत्तर, अंगाने किडकिडीत, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. पाटबंधारे खात्यात कारकून होते. सगळी नोकरी जायकवाडीच्या कागदांत गेली. धरणाला सत्तावीस दरवाजे. त्यांतले किती, कधी आणि किती फूट उघडणार, हे वरून हुकूम आल्याशिवाय कुणापुढे बोलायचं नाही, अशी ताकीद असायची. काकांनी ती इमानाने पाळली. नोकरी सुटली, ताकीद मात्र अंगातच मुरली. आज ते गवारीचा भावही वरून हुकूम आल्यासारखाच सोडतात, अर्धा अर्धा फूट.

काकांचं हत्यार म्हणजे अडकित्ता. पितळी, मोराच्या आकाराचा, बापाच्या वेळचा. पान त्यांनी केव्हाच सोडलं, सुपारी ठेवली. गोष्ट ऐन रंगात आली की ते सुपारीचं खांड मोराच्या चोचीत धरतात आणि दाबत नाहीत. तसंच धरून ठेवतात. आपली नजर आपोआप त्या चोचीवर जाते. "आणि दार उघडून बघतो तर..." अडकित्ता उघडाच. "आत..." अजून उघडाच. मग कट्टदिशी सुपारी फुटते आणि काका म्हणतात, "तुमचा चहा निवला." ती सुपारी फुटेपर्यंत आपण श्वास धरून बसलो होतो, हे नंतर ध्यानात येतं आणि स्वतःचाच राग येतो. मी एकदा मुद्दाम मोजलं. बावीस सेकंद. त्या दाराच्या आत मांजर होतं.

ह्या कलेपायी माणूस कसा गोत्यात येतो, त्याचा एकच दाखला देतो. एका रविवारी काका आले आणि पायरीवर टेकून हळूच म्हणाले, "कोपऱ्यावरचे सर गेले."

"अरेरे! कधी?"

"पहाटे."

"असं अचानक?"

"अचानकच ठरलं."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण बातमीच्या ओझ्याखाली क्रियापदाकडे कोण बघतो?

"त्रास फार झाला का?"

"झाला थोडा. गर्दी होती ना."

मी पांढरा शर्ट चढवला. बायकोने आमटीखालचा गॅस बंद केला. गल्लीतल्या आणखी तिघांना मीच निरोप दिला. त्यातल्या एकाने तर वाटेत हारही घेतला. सरांच्या दाराला कुलूप. सर पहाटेच्या गाडीने पुण्याला लेकाकडे गेले होते, महिनाभरासाठी. काका मागून सावकाश येऊन पोहोचले आणि म्हणाले, "पुढचं ऐकायला थांबलात कुठं तुम्ही!" हार फुकट जाऊ नये म्हणून मारुतीला घातला.

ह्या माणसाला बायको मिळाली ती शेवट आधी सांगणारी. ही काय देवाची योजना असेल ती असो.

काकू बोलायला सुरुवात करतात तीच शेवटापासून. गल्लीत खरोखरच कुणी गेलं तर त्या कुंपणावरून हाक मारतात. "गेले. हार्ट. बारा वाजता, एन-सहा." एवढ्यात माणूस, कारण, वेळ आणि स्मशानभूमी सगळं येतं. टीव्हीवरची मालिका बघत बसलेल्या माझ्या आईला त्यांनी एकदा जाता जाता सांगून टाकलं, "ती मरत नाही हो. सात महिन्यांनी परत येते, पण तेव्हा बाई दुसरी घेतलीय." आईने दोन दिवस अबोला धरला. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून चालू आहे, मधला करोनाचा काळ तेवढा बंद होतं. खेळ संपला की नट प्रेक्षकांना विनवतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि पब्लिकही इतकी वर्षं ते पाळत आलं आहे. काकू पहिल्या खेळाला असत्या तर दुसऱ्या खेळाची तिकिटं गेली नसती.

माझा आणि काकांचा संबंध वाढला तो माझ्या गरजेपोटी. मी दिवाळी अंकांत अधूनमधून कथा लिहितो. गेल्या वर्षी एक रहस्यकथा पाठवली होती. ती परत आली, सोबत संपादकांची एक ओळ, की शेवट आधीच कळतो. दुखलं. आता गल्लीत असा एक माणूस असताना, की ज्याचा शेवट आजवर कुणालाच आधी कळला नाही, शिकायला दुसरीकडे कशाला जायचं? मी शिकवणी मागितली. काकांनी अडकित्ता काढला.

"लेखक, मला सांगा, हे रहस्य म्हणून जे आहे ते शोधून काढलं कुणी? इंग्रजांनी?"

"अर्नाळकरांनी?" मी भीत भीत म्हटलं.

बाबूराव अर्नाळकर हे काकांचं दैवत. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची रोजची माणसं. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा माणूस मराठीत होऊन गेला, ह्याचा काकांना घरच्या कर्तृत्वासारखा अभिमान आहे. त्याखालोखाल गुरुनाथ नाईक. त्यांचाही आकडा हजाराच्या पुढचा. नारायण धारप रात्री वाचायचे नाहीत. सुहास शिरवळकर कॉलेजातल्या पोरांसाठी. मतकरी चांगले, "पण फार विचार करायला लावतात."

"अर्नाळकर नंतर," काका म्हणाले. "रहस्य शोधलं पैठणनं."

पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. आमचं पिण्याचं पाणी तिथून येतं. येतं म्हणजे यायचं असतं, त्याचं पुढे सांगतो. (बघा, संगतीचा परिणाम.)

काकांचं म्हणणं खोटं नाही. मी नंतर पडताळून पाहिलं. वेताळपंचविशीतला राजा आपण उज्जैनचा विक्रम म्हणून धरून चालतो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाला खांद्यावर घेऊन जाणारा राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. त्या राजाच्या दरबारात एक भिक्षू रोज येतो आणि एक फळ देऊन जातो. राजा ते खजिनदाराच्या हातात देतो. असं दहा वर्षं. एक दिवस पाळलेल्या माकडाच्या हाती फळ पडतं, ते फोडतं आणि आतून रत्न निघतं.

"दहा वर्षं!" काका उठून उभे राहिले. "दहा वर्षं त्या भिक्षूनं तोंडातून शब्द काढला नाही. ह्याला म्हणतात दम! आजकालचे लेखक दहाव्या पानावर ओकून मोकळे."

मग वेताळाची मेख त्यांनी उलगडून दाखवली. राजाने वाटेत तोंड उघडायचं नाही. उघडलं की मढं परत झाडावर. पण प्रश्नाचं उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं होतील. बोलला तरी फसला, न बोलला तरी फसला. आणि दर वेळी बोलून बसतो, दर वेळी परत अंधारातून त्याच झाडाकडे. गोष्ट सुटली असं वाटतं तिथेच मोठी गोष्ट परत बांधली जाते. काका सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजातला इस्त्रीवाला पार निघून गेला होता. ह्या माणसाला मर्म कळतं, फक्त वापरायचं कुठे ते कळत नाही, असं मला वाटून गेलं.

गुणाढ्याची कथा तर ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. सातवाहनांच्या दरबारातला हा पंडित. त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. मग रानात आग पेटवून गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरांनी चरणं सोडलं, गोल करून बसली आणि ऐकत राहिली. राजाच्या मुदपाकखान्यात शिकारीचं मांस शुष्क यायला लागलं, चौकशी झाली, राजा धावत आला, तोवर सहा लाख जळून एक लाख उरले होते.

"जनावरांनी चारा सोडला!" काका म्हणाले. "कशापायी? पुढे काय, एवढ्यासाठी!"

मी मनात म्हटलं, काका, गुणाढ्य पान वाचून मग जाळायचा. तुम्ही न वाचताच जाळता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "पण शेवटी वेताळ सगळं सांगूनच टाकतो की!"

काका थबकले.

"नाही का? तो म्हणतो, राजा, हा भिक्षू तुझाच बळी द्यायला बसलाय. तुला लोटांगण घालायला सांगेल. तू म्हण, मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. आणि वाकला की उडव मुंडकं."

खरंच तसंच आहे. सोमदेवाने शेवटचा डाव आधीच उघडा करून ठेवलाय. आता राजा मसणात पोचतो, भिक्षू पूजा मांडतो, गोड बोलतो. त्याला काही ठाऊक नाही, राजाला सगळं ठाऊक आहे आणि आपल्यालाही. तो लोटांगणाचा शब्द काढतो तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो, तो काय होणार ते माहीत असल्यामुळे. फळातलं रत्न दहा वर्षं लपवलं, त्याने आपण चकित झालो. ते एका क्षणात संपलं. ह्या शेवटाने मात्र आपल्याला धरून ठेवलं.

काका अडकित्ता खिशात घालून आंघोळीला गेले. ती शिकवणी तिथेच संपली आणि दुसरी सुरू झाली, त्याचा मला त्या दिवशी पत्ता नव्हता.

काकूंची गोष्ट सांगण्याची तऱ्हा मी नीट ऐकली ती नंतर, दिवाळीच्या फराळाला. विषय निघाला नणंदेच्या लग्नाचा. काकूंनी सुरुवात केली, "दूध नासलं होतं. लग्न जमलं, आता तिला नातू आहे." झाली की गोष्ट! खलनायक पहिल्या वाक्यात, शेवट दुसऱ्या वाक्यात. आता ऐकण्यासारखं राहिलं काय?

"परभणीचे पाहुणे बघायला आलेले," काकू पुढे म्हणाल्या. "सात माणसं. दूध नासल्याचं मला सकाळीच कळलं होतं. ह्यांना माहीत नव्हतं. आणि हे बैठकीत सांगू लागले, की आमच्याकडं दूध म्हणजे म्हशीचं, हर्सूलहून थेट, सोळा आणे."

आम्ही चौघं होतो. चौघांचेही हात चिवड्याच्या वाटीत थांबले.

"सासूबाई म्हणाल्या, पातेलं झाकून ठेव. पुतण्याला मागच्या भिंतीवरून लोटा देऊन पाठवला. तिकडं लेकराचं म्हणून पावशेर होतं. तोवर हे बाहेरून हाक देतात, चहा येऊ द्या! मी पाणी उकळत ठेवलेलं. पुतण्या भिंतीवरून येताना लोटा कलंडला. परत हाक, अहो, चहा! आणि एक म्हातारे पाहुणे म्हणाले, आमच्याकडं कोऱ्या चहाला अशुभ मानतात."

"मग?" माझी आई म्हणाली. मालिकेपायी अबोला धरणारी माझी आई, बरं का.

लग्न जमलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुलीला नातू झालेला आहे, हेही माहीत होतं. तरी त्या लोट्यातल्या पावशेर दुधापायी चौघांचा जीव टांगणीला. लोट्यात खाली उरलेलं चार चमचे दूध म्हाताऱ्याच्या एकट्याच्या कपात गेलं. बाकी सहांना लिंबाचा चहा, आणि काकांनी तो बघून, क्षणभर गडबडून, "डॉक्टर हल्ली हाच प्या म्हणतात" असं ठोकून दिलं. पाहुण्यांना घर सुधारकी वाटलं.

घरी येताना मला हिचकॉक आठवला. ह्या सिनेमावाल्याने त्रुफो नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या लांबलचक मुलाखतीचं पुस्तक १९६६ साली निघालं. त्यात तो टेबलाखालच्या बॉम्बचा हिशेब मांडतो. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतात आणि एकदम स्फोट होतो, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवताना त्याला आधी दाखवला, घड्याळही दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. आपल्या मराठीत ह्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, रहस्य आणि उत्कंठा. आणि आपण ते सर्रास एकाच पिशवीत भरतो. काका लपवतात. काकू बॉम्ब आधी दाखवतात. सकाळी नासलेलं दूध हा बॉम्ब, स्टोव्हवरचं उकळतं पाणी हे घड्याळ, आणि हर्सूलच्या म्हशीची तारीफ करणारे काका म्हणजे टेबलाशी गप्पा मारणारा तो माणूस. हिचकॉक वाचलेला नसताना, आणि स्टोव्हपुढून न उठता, काकूंनी हे साधलं होतं.

आता पाण्याचं.

धरण भरलं की आमच्याकडे सगळे टक्के वाचतात. श्रावणात क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतात, जायकवाडी किती? पण धरणात पाणी असणं वेगळं आणि नळाला येणं वेगळं. नळाला ते पाचव्या-सहाव्या दिवशी येतं, कधी आठव्या. रात्री की पहाटे, अर्धा तास की दोन तास, हे त्या पाण्यालाच ठाऊक. गावाला नावंसुद्धा हप्त्याहप्त्याने मिळाली. १६१० साली मलिक अंबरने वसवलं तेव्हा खडकी, मग फत्तेनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. जिथे साधी बादली भरायला आठवडाभर कान नळाकडे लावून बसावं लागतं, त्या गावात क्रमशः काका पिकणारच.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काकांना जुन्या ओळखीतून खबर लागली, की ह्या खेपेला पाणी एक दिवस आधी, म्हणजे आज रात्री दोनला सुटणार. अशी खबर म्हणजे सोनं. काका संध्याकाळी कट्ट्यावर आले.

"आज रात्री दोनला एक गोष्ट होणार आहे."

"काय?" सगळे म्हणाले.

अडकित्ता निघाला. सुपारी चोचीत बसली. "ते दोनलाच कळेल."

माणसं हसली, इस्त्रीवाला दुसरा पत्रा घालणार असेल म्हणाली आणि घरी जाऊन झोपली. त्याच सुमाराला काकूंनी शेजारच्या बाजूच्या बायकांना कुंपणावरून एका दमात सांगितलं, "दोनला पाणी. टाकी धुवून ठेवा." सकाळी गल्लीची एक बाजू तुडुंब आणि समोरची, म्हणजे कट्ट्यावर बसणाऱ्यांची, कोरडी ठाक. माझं घर कट्ट्याच्या बाजूला आहे. टँकरचे पैसे मोजताना मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून पाण्याचं खातं काकूंकडे गेलं. त्या दुपारीच सांगतात, "आज येणार. एक ते चारच्या मध्ये." आणि मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. काकांच्या "एक गोष्ट होणार"ला घोरत पडणारी गल्ली ह्या सरळ साध्या सूचनेला टक्क जागी राहते. दिवे लागलेले, नळाला पाइप जोडलेले, कान तोटीकडे. हवेचा फुस्स आवाज आला की सात घरांतली माणसं एकदम उठतात. येणार हे पक्कं, कधी ते नाही, ह्याच्याइतकी झोप उडवणारी गोष्ट मला अजून लिहायला जमलेली नाही.

काका ह्या बदलाने खट्टू झाले. काही महिने व्हॉट्सअॅपवर जीव रमवला. 'अत्यंत महत्त्वाची बातमी, सर्वांनी लक्षपूर्वक वाचावी' असं टाकायचं आणि आंघोळीला जायचं. पण तिथे लोक त्यांना थेट काकूंचा नंबर मागू लागले.

त्यांच्या आयुष्यातलं एकच खरं रहस्य त्यांनी सोडवलंय आणि ते त्यांनी आम्हाला सलग चार रविवार सांगितलं. पंचाहत्तर-शहात्तरचं साल. काका नोकरीला नवे, औरंगपुऱ्यात खोली घेऊन राहत. जवळच भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालय म्हणवणारी एक खोली. रोजचे दहा पैसे. काकांनी रहस्यकथा आणली, उघडली, तर पहिल्याच पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात खुन्याचं नाव. दुसरी आणली, तेच. तिसरी, तेच. कुणीतरी शांतपणे, नेटक्या अक्षरात, सगळ्या कपाटाचं वाटोळं करत होतं. पहिला रविवार इथे संपला. दुसऱ्या रविवारी संशयित आले. वाचनालयाचा मालक, समोरचा शिंपी, संस्कृतचे एक मास्तर. तिसऱ्या रविवारी अक्षरांची तुलना झाली. काका वहीत 'ख' आणि 'न' उतरवून घ्यायचे म्हणे. चौथ्या रविवारी काका भिंगासारखा चष्मा धरून म्हणाले, "आणि सव्वा वर्षानंतर, एका संध्याकाळी, वाचनालयाच्या रजिस्टरात मला तोच 'ख' दिसला. सही होती..."

सुपारी चोचीत. अडकित्ता उघडा.

"मीच ती," स्वयंपाकघरातून आवाज आला. "पुढं लग्न झालं. चहा घ्या."

कुणीच काही बोललं नाही. मग कट्टदिशी सुपारी फुटली.

"लोकांचा वेळ वाचावा म्हणून लिहायची मी," काकू ट्रे ठेवत म्हणाल्या. "आणि ह्यांना सव्वा वर्ष लागलं! मी रोज समोरच्या बाकावर तर बसलेली असायची."

सगळे पांगल्यावर मी काकांना विचारलं. खुनी आधीच कळल्यावर ती पुस्तकं परत करत होतात का? काकांनी आत नजर टाकली. काकू भांडी लावत होत्या.

"नाही हो," काका हळूच म्हणाले, आणि ह्या खेपेला अडकित्ता न काढता, एका दमात. "उलट पेन्सिलवालीच शोधून आणायचो. ती जास्त रंगायची."

एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी उठून ट्रंकेतून एक पुस्तक काढून दिलं. ते वाचनालय बंद पडलं तेव्हा रद्दीच्या भावाने घेतलेलं. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, पानं बिस्किटासारखी. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं : खून डॉक्टरने केला.

परवा रात्री ते वाचायला घेतलं. पाणी एक ते चारच्या मध्ये येणार म्हणून काकूंनी दुपारीच सांगितलं होतं, तेव्हा जागायचं होतंच. तिसऱ्या प्रकरणात डॉक्टर आला. हसरा, गोरा, हातात चामडी बॅग. म्हाताऱ्या जमीनदाराची नाडी बघून म्हणाला, काळजीचं कारण नाही. पाचव्यात परत आला, झोपेचं औषध देऊन गेला. सातव्यात जमीनदाराच्या पोरीने त्यालाच विचारलं, घरात आमचं म्हणावं असं तुमच्याशिवाय कोण आहे? मी उठून पाणी प्यायलो. नवव्यात दिवे गेले आणि जिन्यावर बॅगेची कडी वाजली.

पुस्तक संपलं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. खुनी डॉक्टरच होता. पाणी दीडला येऊन सव्वादोनला गेलं होतं आणि माझी टाकी रिकामी होती.